नारळ परत आणणारी बाई

शरदचंद्र देवस्थळे मूळ नागपूरचे. त्यामुळे समुद्राचं वेड त्यांना जरा उशिराच, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी लागलं, पण लागलं ते सपाटून. २००५ साली त्यांनी कॅनडातल्या पोर्ट मूडीच्या धक्क्यावर सत्तावीस फुटांची एक जुनी शिडाची होडी घेतली, तिचं नाव 'निवांत' ठेवलं, आणि तेव्हापासून त्यांच्या कोक्विटलामच्या घरातला निवांतपणा संपला.

आयुष्यभर त्यांनी लिफ्टचं सॉफ्टवेअर तपासलं होतं. काय काय बिघडू शकतं याची यादी करणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योगही आणि छंदही. व्हँकुव्हर आयलंडला बाहेरून, खुल्या पॅसिफिकच्या बाजूने वळसा घालायचा बेत ठरला, तेव्हा होडीचीही यादी झाली. डोलकाठीच्या तारा बदलल्या. होडी आडवी झाली तरी हलू नये म्हणून बॅटरी पट्ट्यांनी आवळली. वादळासाठी वेगळं छोटं शीड आलं, पाणी उपसायला दुसरा पंप आला. कप्प्यांना अशा कड्या बसल्या की चहाचा डबा काढायला स्क्रूड्रायव्हर लागे.

त्यांची बायको अरुणा हे चार वर्षं बघत होती. तिला मिळालेली सूचना एकच, "तू फक्त बस." बसण्यासाठीही तिला शिट्टी आणि दिवा लावलेलं जॅकेट होतं, कमरेला पट्टा होता आणि पट्टा होडीला हुकाने अडकवलेला होता. शरदचंद्रांचा स्वतःचा पट्टा मात्र खुंटीवर. त्यांना इकडेतिकडे करावं लागे ना.

शेवटी आलं वाऱ्यावर चालणारं सुकाणूचं यंत्र. एकदा लावलं की ते आपलं आपण होडी हाकत राही. त्याचं नाव त्यांनी नंदू ठेवलं आणि 'नंदू कधी प्रश्न विचारत नाही' अशी तारीफही केली. हा टोमणा कुणाला, ते अरुणाला बरोबर कळलं.

२००९ची नारळी पौर्णिमा त्यांनी पुढच्या शनिवारी केली, कारण तिकडे सण वीकेंडलाच येतात. वळसा दोन आठवड्यांवर आला होता. भर पाण्यात नंदूच्या हाती होडी देऊन अरुणाने नारळ सोडला, हात जोडले आणि डोळे उघडले, तर नारळ बराच मागे पडला होता.

"अहो," ती म्हणाली, "तो नारळ म्हणजे तुम्ही. आता मी काय करू?"

शरदचंद्र उत्साहाने सांगू लागले, आधी नंदूला सोडवायचं, मग तो दोर सैल, मग हा ओढायचा. त्यांचं सांगून होईपर्यंत नारळ दिसेनासा झाला. नंदूने अर्थातच प्रश्न विचारला नाही, तो पुढे चालत राहिला. त्रेसष्ट कलमी यादीत अरुणाने करायचं असं एकही काम नव्हतं, हे शरदचंद्रांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते फार ओशाळले.

"मी येत नाही," अरुणा म्हणाली, "आणि तुम्हालाही एकट्याला सोडणार नाही."

वळसा रद्द झाला. मग दर शनिवारी नारळ पाण्यात टाकायचा आणि अरुणाने होडी वळवून तो परत आणायचा, असा सराव सुरू झाला. ग्रोसरीवाल्या सरदारजींनी न राहवून विचारलं, "भाभीजी, इतनी पूजा किसके लिए?" पहिला नारळ अरुणाने होडीखाली घातला, पुढचे सात हरवले. शरदचंद्र वाईट शिक्षक होते. त्यांचा हात सारखा सुकाणूकडे जाई, म्हणून तिने त्यांना स्वतःच्याच हातांवर बसवायला सुरुवात केली.

पुढच्या जूनमध्ये एका वाऱ्याच्या दिवशी तिने नंदूला सोडवलं, होडी वळवली, नारळाशेजारी थोपवली आणि जाळीने तो वर घेतला. साडेचार मिनिटं. शरदचंद्रांनी नारळ रुमालाने पुसला आणि त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. "पण मी पंच्याऐंशी किलोचा. मला लिफ्ट कसं करणार?"

"त्याला कप्पी लावा. यादी तुमचीच आहे ना?" ती म्हणाली. "तुम्ही सापडलात, मला तेवढं पुरे."

वर्षभर ती दर शनिवारी त्यांनाच हरवत आणि शोधत होती.

पाच वर्षं खुंटीवर लोंबणारा पट्टा शरदचंद्रांनी काढला, कमरेला बांधला आणि हुक होडीला अडकवला. मग, कुणी सांगितलं नसताना, जाऊन हातांवर बसले.