डावा हात खिशात

देवासला आमच्या शेजारी राहणारे काका कारखान्यातून कधीच निवृत्त झाले, पण दुरुस्तीला बसले की डावा हात अजून खिशात घालतात. जास्त व्होल्टेजच्या यंत्राला एकच हात लावायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, हा त्यांचा नियम. बोलायला मात्र त्यांना दोन्ही हात लागतात, त्यामुळे कामात ते गप्पच असतात.

माझ्याकडे हॅम रेडिओचा जुना व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर आहे. दर रविवारी सकाळी मी त्यावरून धारच्या दादाशी बोलते. महिनाभर दादा चिडवत होता, "तायडे, विहिरीत बसून बोलतेस का?"

त्या रविवारी काकांनी व्हॉल्व्ह बदलला, एरियलचा जोड घासला. पॉवरचा काटा निम्म्यावरच राहिला.

"टाकून देऊ का आता?" मी विचारलं.

"वहिनी, रुको जरा. बिचाऱ्याला जेवायला मिळतंय का ते तर बघू."

त्यांनी भिंतीतल्या प्लगचं व्होल्टेज मोजलं. ते फारच कमी होतं. नळ आले होते आणि काकांनी महिन्यापूर्वी बसवलेली पाण्याची मोटर पलीकडे घरघरत होती. आमची दोन्ही घरं एकाच जुन्या तारेवर आहेत. काका घरी गेले. मोटर थांबली आणि काटा सरसर वर चढला.

"अहो, टाकी अर्धीच भरलीय!" काकू ओरडल्या.

काका परतले ते दोन्ही हात पसरून. "दोष सापडला, वहिनी. माझ्याच घरात होता."

आता रविवारी माइक ठेवला की मी आधी कुंपणावरून हाक मारते, "काका, लावा मोटर!"