वास येईपर्यंत घाल

घरी मेणबत्त्या करायचं खूळ माझंच. नव्वदीच्या मधली वर्षं असतील. सणसरला आमच्या वस्तीवर संध्याकाळी लाईट जायची, ती जेवणं उरकून भांडी पालथी पडली तरी यायची नाही. मी इंदापूरची, बारावी झालेली, नुकतं लग्न होऊन आलेली, आणि रिकामी बसले की माझं डोकं फिरतं. बारामतीला बायकांसाठी मेणबत्त्या शिकवायचं शिबिर आहे असं कळल्यावर मी नवऱ्याला सळो की पळो करून सोडलं आणि गेले. येताना साचा, मेणाची लादी, वातीचा दोरा आणि मोगऱ्याच्या सुगंधी तेलाची बाटली घेऊन आले. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बाटली हुंगून बघितली.

"मेणबत्तीला शेंट?" त्या म्हणाल्या. "उद्या म्हशीला पावडर लाव."

मी बाटली काढून घेतली. मनात बरंच बोलले.

पहिला घाणा मी एकटीनंच केला. पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा, खाली स्टोव्ह. मेण वितळून पाण्यासारखं झालं, चांगलं कढत झालं, आणि मी स्टोव्हवरच त्यात तेल ओतलं. तेल केव्हा घालायचं हे शिबिरातल्या बाईंनी सांगितलं असणारच, पण मी तेव्हा जागेवरून शेजारणीशी भांडत होते. माझा आपला साधा हिशोब: तेल तापल्याशिवाय मोहरी तडतडत नाही, तसंच हे. झालं! सगळ्या घरात मोगरा. गोठ्यात मोगरा. दूध न्यायला आलेला माणूस विचारतो, "वैनी, लगीन हाय का कुनाचं?" आणि संध्याकाळी मेणबत्ती लावली तर तिला वास मेणाचा. नुसत्या मेणाचा! कपाळ माझं. इतका संताप आला मला की मी ती पेटलेली मेणबत्ती फुंकून कोपऱ्यात भिरकावली.

"बासुंदीत वेलदोडा कवा घालतो आपन?" अक्का म्हणाली. "खाली उतरवल्यावर. कढत्यात घातला की उडून जातो."

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नात्यानं थोरली, वयानं माझ्याबरोबरीचीच, म्हणून आमचं आपसांत अगं-तुगं चालायचं. तिची लेक चार वर्षांची होती. भाऊजी बारामतीला कंपनीत लागले होते, तिथंच भाड्याची खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. तिथं गॅसचा नंबर लागला होता, शेगडी आली होती. फक्त अक्कानं आणि लेकीनं जायचं बाकी होतं, आणि ते आत्या होऊ देत नव्हत्या.

कारण दूध. अक्काच्या हातून दूध करपायचं. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी खास. ती चुलीकडे पाठ करून भाकरी थापत असायची, भाजी निवडत असायची, आणि मागं दूध तळाशी लागून वास अंगणापर्यंत पोचलेला असायचा. मग आत्यांचा पट्टा सुरू. "ध्यान कुठं असतं हिचं? जिला चूल सांभाळत न्हाय तिच्या हातात गॅस द्यायचा? पोरीसकट पेटवून घील." अक्का खाली मान घालून पातेलं घासायची. भाऊजी आले की आईपुढं एकदा बोलून बघायचे, आणि एकटेच एसटीनं परत जायचे. त्या रात्री अक्का जेवायची नाही.

दुसऱ्या घाण्याला मी तिला हाताशी घेतली. मेण खाली उतरवलं, जरा निवू दिलं. मी काडीनं हलवत होते, तिच्या हातात बाटली दिली.

"किती घालू?"

"वास येईपर्यंत घाल."

तिनं घातलं. घालतच राहिली. माझ्या नाकात, डोळ्यांत, टाळूत मोगरा चढला, आणि ही आपली धार धरून उभी.

"अगं बास! बास की! अर्धी बाटली पालथी केलीस, काय डोंबल करतीयेस?"

तिचा हात थांबला. आणि मला एक गोष्ट दिसली. ती डब्याकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

त्या मेणबत्त्या साच्यातून काढल्या तर अंगाला घाम फुटल्यासारखं तेल सुटलेलं. लावल्या तर तडतड आणि काळा धूर. आत्या खोकत बाहेर गेल्या, जाताना जे बोलायचं ते बोलूनच गेल्या. माझं मात्र चित्त अक्काच्या नजरेवर अडकलं होतं. मग एकेक आठवायला लागलं. साखर कारखान्याकडून वारं आलं की मळीचा वास यायचा, आम्ही सगळ्या नाकाला पदर लावायचो. अक्काही लावायची, पण आमच्याकडे बघून, जराशी मागून.

दुसऱ्या दिवशी मी खोबरेलाची बाटली तिच्यापुढं धरली. म्हटलं, "ह्यो गुलाब आनलाय. कसा वाटतो?"

तिनं हुंगून बघितलं. "छान हाय की."

"अक्का, खोबरेल हाय हे."

तिनं बाटली खाली ठेवली. रडली नाही, काही नाही. म्हणाली, "ही पोटात हुती तवा मोठा ताप आला हुता बघ. तापाबरुबर वास गेला, तो काय परत आला न्हाय."

"आन् कुनाला बोलली न्हाईस? भाऊजींनाबी?"

"त्यांनी आत्याला सांगितलं असतं. आत्यानं मला जलमात बारामतीला पाठवलं नसतं. तू बी सांगू नगस. शपथ हाय."

मला तिचा इतका राग आला! चार वर्षं ही बाई वाट्टेल ते ऐकून घेत होती, निष्काळजी म्हणवून घेत होती, आणि ज्या एका वाक्यानं सगळ्यांची तोंडं बंद झाली असती ते वाक्य गिळून बसली होती. पण शपथ घातल्यावर काय करणार? आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं.

मग आम्ही नाकाशिवाय मेणबत्त्या करायच्या ठरवल्या. मेण स्टोव्हवरून उतरवायचं आणि डब्याच्या कडेकडे बघत बसायचं. कडेला साय धरल्यासारखी पांढरी रेघ उमटली की तीच वेळ. त्याआधी घातलं तर वास उडतो, फार उशीर केला तर तेल मेणात मुरत नाही, तळाशी वेगळं बसतं. तेलाला माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं. एका डब्याला एवढंच, मग कुणाचं नाक काही का म्हणेना. घालून झालं की सावकाश ढवळायचं, फेस येऊ द्यायचा नाही, आणि साच्यात ओतायचं. मी करायची तेव्हा मला वाटायचं, आज जरा कमीच येतोय, घालू अजून थोडं. अक्काला तसं काही वाटायचंच नाही. तिच्या सगळ्या मेणबत्त्या सारख्या निघायला लागल्या. लावल्यावर घरात जेवढा हवा तेवढाच मोगरा यायचा, डोकं न उठवणारा. देवापुढं मात्र आत्यांनी मेणबत्ती लावू दिली नाही, तिथं समईच.

दुधाचीही तीच तऱ्हा केली. पातेल्यात तळाला बशी पालथी घालून ठेवायची. दूध तापलं की बशी खडखड वाजते आणि अक्का जिथं असेल तिथून पळत येते. आत्यांनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं, "शिबिरात शिकवलंय." मेणबत्तीच्या शिबिरात दुधात बशी कोण शिकवतंय! पण त्यांनी ऐकून घेतलं.

दिवाळी झाली. दूध करपायचं बंद झालं होतं. एका सुट्टीला भाऊजी आले, जेवायला बसले, आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच आत्या म्हणाल्या, "घिऊन जा दोघींना. आता ध्यान आलंय तिचं जाग्यावर."

मी आत भाकऱ्या करत होते. आनंदानं माझी भाकरी तव्यावरच फाटली. अक्कानं रातोरात बोचकं बांधलं, लेकीचे फ्रॉक, घोंगडी, दोन भांडी. सकाळी अंगणात सगळे उभे. एसटी धरायची होती. भाऊजी बायकोला समजावून सांगत होते, एजन्सीच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं तसंच: रात्री गॅस खालून बंद करायचा, नळी बघायची, आणि वास आला की काडी ओढायची नाही, आधी खिडकी उघडायची.

"वास आला की," ते परत म्हणाले. "कळलं का?"

अक्कानं मान हलवली. मग तिनं लेकीकडे बघितलं. लेक बोचक्यावर चढून बसली होती आणि पाय हलवत होती. मी डोळ्यांनीच अक्काला म्हणत होते, चल, नीघ, पुढचं पुढं बघू, मी येईन आठवड्यातून. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"मला वास येत न्हाय," ती म्हणाली.

"कशाचा?" भाऊजी म्हणाले.

"कशाचाच. ही पोटात हुती तवापासनं. करपलेल्या दुधाचा न्हाय, कशाचा न्हाय. गॅस सुटला तरी मला कळायचं न्हाय. पोरगी हाय बरुबर, म्हनून सांगतीया."

झालं, मला वाटलं. संपलं. चार वर्षं गिळलेलं नेमकं या घडीला बोलायचं होतं का? भाऊजी तोंड उघडं ठेवून उभे. आत्या म्हणाल्या, "आन् मी रोज वराडत हुते."

त्या आत गेल्या. ट्रंकेचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा काखेत पिशवी होती, तीत दोन लुगडी कोंबलेली. आयुष्यात एक रात्र घर सोडून न राहिलेली बाई! मला म्हणाल्या, "धारांकडं बघ. मी जाते ह्यांच्या संगं. पोरगीला वास कळायला लागला, आईला सांगायचं कसं ते शिकली, की येते माघारी."

अक्का पाया पडायला वाकली. आत्यांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि तशीच धरून ठेवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "पोटात हुती तवापासनं म्हनलीस. मग हिच्या अंगाचा वास?"

अक्कानं मान हलवून नाही म्हटलं. आणि मग ती रडली. इतकी बोलणी खाऊन न रडलेली बाई अंगणात सगळ्यांपुढं ओक्साबोक्शी रडली. आत्या बोचक्यापाशी बसल्या, नातीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं. दोनदा टेकवलं.

"न्हानी हुती तवा तूप कढवल्यावानी यायचा," त्या म्हणाल्या. "मानंपाशी जास्ती. आता तसा न्हाय येत. आता वाईच घामाचा येतो, आन् शेंगदान्याचा, खिशात असत्यात म्हनून. झोपंतनं उठली की येगळाच. ऊन खाल्लेल्या गोधडीवानी. कसा सांगू गं तुला…"

एसटीचा हॉर्न वाजला. भाऊजी हात करायला रस्त्याकडे पळाले. अक्का आत्यांच्या समोर मातीत बसली होती.

"आजून सांगा," ती म्हणाली.