समोरच्या धुऱ्यावरून

नऊ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ, शेगाव स्टेशन. हजर: आई, बाबा, शेजारच्या सुमनकाकू, दोन बॅगा, लाडवांचा डबा आणि मी. गैरहजर: गाडी. तिला उशीर होता, म्हणून मी वहीतली यादी तिसऱ्यांदा तपासली. पासपोर्ट, व्हिसा, प्रमाणपत्रं, दोन स्वेटर, कुकरची जास्तीची रिंग, तिखटाची पुडी. सगळ्यांपुढे बरोबरची खूण होती.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. हिवरा आश्रमाजवळच्या आमच्या गावातून जर्मनीला पीएच.डी. करायला निघालेली मी पहिलीच. बाबा गावच्या शाळेत मास्तर, शेती आई बघायची. बाबांनी माझा विषय पाठ केला होता आणि फलाटावर भेटेल त्याला ते ‘पॅरलल कॉम्प्युटिंग’ असं ठासून सांगत होते. आईने गाडी दिसल्यावर विचारलं, “तू तिथं करशीन काय, ते तं सांग मले. कोनी इचारलं तं मी काय सांगू?”

“पोचले की सांगते,” मी म्हटलं. गाडीत बसल्यावर यादीत शेवटचं काम लिहिलं: आईला माझं काम समजावून सांगणे.

काम सांगायला सोपं आहे. एखादं गणित एका संगणकाला झेपत नाही, म्हणून त्याचे तुकडे करून शेकडो संगणकांना वाटायचे आणि सगळ्यांनी ते एकाच वेळी सोडवायचे. माझं गणित पावसाच्या अंदाजाचं होतं. मी नकाशाचे सारखे चौकोन पाडले आणि प्रत्येक संगणकाला सारखेच चौकोन दिले. माझ्या मते याहून नीटनेटकं काही असूच शकत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये कळलं की काहीतरी चुकतंय. संगणक दुप्पट केले तरी वेळ जवळजवळ तेवढाच लागत होता. कारण सापडलं होतं. जिथे आकाश मोकळं, तिथलं गणित चटकन संपे. जिथे ढग दाटलेले, तिथलं संपता संपत नसे, आणि त्या एका संगणकासाठी बाकी सगळे रिकामे थांबून राहत. माझे प्राध्यापक शांत माणूस. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, सूप पिता पिता त्यांनी सांगितलं, “डिसेंबरपर्यंत बघू. नाही जमलं तर हा विषय बंद करावा लागेल.” विषय बंद म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि मी पदवीशिवाय शेगावच्या फलाटावर परत.

त्या रविवारी फोनवर आईने पहिल्याच वाक्याला पकडलं. “आवाज काऊन उतरला वं तुहा?”

मी सांगितलं. सगळ्यांना सारखं काम वाटलं, तरी एकासाठी बाकीचे बसून राहतात.

पलीकडे ती हसायलाच लागली. “म्हनजे तू तिथंही तेच करून राह्यली? नाल्याकडची पात सुमनले देल्ली होती, तसं?”

पात म्हणजे निंदणाला, तण काढायला, बसलेल्या प्रत्येकीच्या वाट्याला येणारा ओळींचा पट्टा. आमच्याकडे दहा घरच्या बाया आळीपाळीने एकमेकींच्या वावरात निंदायला जात. मी सातवीत असताना आमच्या वावराची पाळी आली आणि आईने पाती लावून द्यायचं काम मला दिलं. मी वहीत दहा नावं लिहिली आणि प्रत्येकीला मोजून चार ओळी दिल्या. नाल्याकडच्या चार ओळींत हरळी माजली होती, ती वहीत दिसत नव्हती. नऊ जणी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या टोकाच्या बांधावर, पोचून पानाचे डबे उघडून बसल्या. सुमनकाकू अजून मध्यावर. तिथूनच ओरडल्या, “मास्तरची पोर हाय, हिशोब बरोबर हाय तिचा. फक्त गवताले नाही समजला.”

आईने साऱ्यांना उठवलं. ज्या आधी पोचल्या, त्यांनी समोरच्या धुऱ्यावरून सुमनकाकूंच्या पातीला लागायचं आणि निंदत निंदत त्यांना येऊन भेटायचं. आमच्याकडे हे असंच चालतं. मी ते लहानपणापासून बघत आले होते आणि चार हजार मैलांवर येऊन विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅम बदलला. ज्याचं काम संपेल त्याने मागे राहिलेल्याचा पुढचा चौकोन उचलायचा. वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पुढच्या रविवारी हेही आईला सांगितलं.

“त्याच्या जोळच जाऊन बसला असन ना तो,” आई म्हणाली. “एकाच जागी दोघीनं खुरपं चालवलं तं हाताले लागन नाही का? समोरून जाय म्हना त्याले. त्याची यादी असन, तिच्या शेवटून घे.”

खरंच तसं होतं. दोघे एकाच चौकोनावर हात टाकत आणि एकमेकांसाठी अडून राहत. यादीच्या दुसऱ्या टोकाकडून काम उचलायला लावलं आणि भांडण मिटलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझा वेळेचा आलेख खाली आला. मी तो छापून प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवला. ही युक्ती जगात आधीच कोणाला सुचली होती, हे मला नंतर ग्रंथालयात समजलं. पावसाच्या ढगांना ती बसवणं तेवढं माझं. प्राध्यापकांनी विचारलं, “कुठे वाचलंस?” मी म्हटलं, “आईने फोनवर सांगितलं.” त्यांनी मान डोलावली आणि आपल्या टिपणात खरोखर तसं लिहिलं.

पदवी मिळाली. यादीतल्या शेवटच्या कामापुढे खूण झाली. आई गावात सांगू लागली, “पोरगी मशिनीकडून निंदन करून घेते.” बाबांना ते मुळीच आवडलं नाही. मला आजवर कोणी माझं काम याहून नेमकं सांगितलेलं नाही.

आता इथेच, जर्मनीत, माझा स्वतःचा संशोधन गट आहे. नवीन विद्यार्थी आला की मी फळ्यावर आधी वावर काढते. आमच्या प्रोग्रॅममध्ये एका भागाचं नावच ‘धुरा’ आहे. गटातला ब्राझीलचा एक पोरगा त्याला ‘दुरा’ म्हणतो आणि मी सुधारत नाही. घर कुठलं, असं कोणी विचारलं की आता मी पत्ता सांगत नाही. जिथे आपण मागे राहिलो तर कोणीतरी समोरून कामाला लागतं, ते घर.

दर ऑगस्टला आई म्हणते, “तुही पात ठेवली हाय.” मी जाते नाताळच्या सुट्टीत, तेव्हा निंदण कुठलं. यंदा सुमनकाकूंनी वावरातून व्हिडिओ कॉल लावला. सगळ्या धुऱ्यावर पोचल्या होत्या. आई एकटी मध्यावर, एक हात गुडघ्यावर ठेवून.

“आमी जाऊन राह्यलो होतो समोरून,” काकू म्हणाल्या, “तं नोको म्हनते. थे बाजू पोरीची हाय म्हने.”

पुढच्या वर्षीची यादी केली आहे. ऑगस्टची रजा: मंजूर. तिकीट: काढलं. गुडघ्याचे पट्टे: घेतले. खुरपं: काकू देणार.

समोरच्या धुऱ्यावरून आईच्या पातीला लागणे: बाकी.