लेकीच्या पैशाचं वावर

"पोरीच्या नावानं खरेदी कराची हाये मॅडम. इसार देऊन बसलो. आठ दिवसांत कागद करून द्या."

गुलाबराव माझ्या जठारपेठेतल्या ऑफिसात खुर्चीच्या टोकावर बसून बोलत होते. बार्शीटाकळीजवळ त्यांचं तीन एकर बागायत आहे. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि अकोल्याच्या बाजारात आणून विकतात. सोबत त्यांची बायको कमलाबाई, पिशवी मांडीवर घेऊन. शेजारचं दोन एकर वावर विकायला निघालं होतं आणि त्यात विहीर होती. गुलाबरावांची बोअर उन्हाळा लागला की आटते, म्हणून ती विहीर त्यांना हवीच होती. त्यांनी घेतली नाही तर एक प्लॉटिंगवाला टपून बसलेलाच होता.

मी सीए. खरेदीखत हे वकिलाचं काम. पण वकिलानेच त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. कारण ज्या पोरीच्या नावानं वावर घ्यायचं होतं ती, अर्चना, नऊ वर्षांपासून आयर्लंडमध्ये नर्स आहे.

"काकाजी, एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही," मी म्हटलं. "फ्लॅट चालतो, दुकान चालतं. शेती नाही. वारसानं आली तर मात्र चालते."

"काहून? शेतकऱ्याची पोरगी हाये. खुरपं धरलं तिनं."

"कायदा खुरपं पाहत नाही. तुमच्या नावावर घ्या. एकुलती एक पोरगी आहे, पुढं तिलाच मिळणार."

एवढ्या सोप्या फायली माझ्याकडे क्वचित येतात. मी चहा सांगायला बेलवर हातही ठेवला होता. तेवढ्यात गुलाबराव म्हणाले, "माया नावावर नाई जमत."

"का बरं?"

"पैसे तिचे हायेत."

"मग काय झालं? मुलगी बापाला गिफ्ट देऊ शकते. टॅक्सही लागत नाही."

"नाई जमत मॅडम."

कारण काही सांगेनात. कमलाबाईंनी पिशवीतून बापलेकीची पासबुकं काढून दिली. मी ती ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी बोलावलं.

पासबुकं उघडली आणि डोकं चक्रावलं. अर्चना दर महिन्याला बापाच्या खात्यात पैसे पाठवायची. बँकेच्या प्रत्येक पावतीवर कारण लिहिलेलं होतं, कुटुंबाच्या खर्चासाठी. पण त्याच आठवड्यात ते पैसे बापाच्या खात्यातून निघून अर्चनाच्या कॉलेजच्या काळातल्या जुन्या खात्यात जायचे. त्या खात्याला जोडीला बापाचंही नाव होतं. मग त्यांची एफडी व्हायची. नऊ वर्षं हेच चालू. मध्ये एक रुपया खर्च नाही.

आता गंमत पाहा. माणूस नोकरीसाठी परदेशी गेला की त्याचं इथलं साधं खातं साधं राहत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करावं लागतं, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं भारतातलं खातं. हे कोणी केलंच नव्हतं. एफडीचं व्याज कुठल्याच रिटर्नमध्ये नव्हतं. आयर्लंडच्या टॅक्सवाल्यांनाही ते सांगावं लागतं, तेही सांगितलेलं नव्हतं. हे सगळं निस्तरता येतं. पण मूळ प्रश्नच मला सुटेना. पैसा कोणाचा? पावती म्हणते बापाचा. एफडी म्हणते लेकीचा. बाप म्हणतो लेकीचा, पण मग खर्चासाठी आलेला कसा? मी कागदावर बाण काढले. तीनदा काढले, तीनदा फाडले. बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये स्वतःचाच एवढा राग कधी आला नव्हता.

मग वाटलं, कर्ज म्हणून दाखवू. लेकीनं बापाला उसने दिले, संपलं. खुशीत मी अमरावतीला माझ्या सरांना फोन केला. त्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली, म्हणजे सीए व्हायच्या आधीची उमेदवारी.

"एनआरआयकडून कर्ज घेऊन शेतीत घालता येत नाही," सर म्हणाले. "विसरलीस का?"

विसरले होते.

"आणि हे सांग, एफडीचं पोरीला माहीत आहे का?"

"असेलच की. तिच्याच नावानं आहेत."

"मी माहीत आहे का विचारलं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी गुलाबराव आणि कमलाबाई आले. मी अर्चनाला व्हिडिओ कॉल लावला. ती नुकतीच ड्यूटी करून आली होती. मागे एक लहान खोली, दोरीवर लहान मुलीचे कपडे. नमस्कार झाला. मी नेहमीच्या घाईनं एफडीची यादी वाचायला लागले. इथं माझं चुकलं. आधी म्हाताऱ्याला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं.

"थांबा मॅडम," अर्चना म्हणाली. "कोणत्या एफडी?"

"तुमच्या नावाच्या. नऊ वर्षांतल्या."

ती बापाला म्हणाली, "बाबा, पान्याची मोटार घेतली ना तुमी? ड्रिप टाकलं ना? अन् गुडघ्याचं ऑपरेशन?"

गुलाबराव टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहत राहिले.

"काई घेतलं नाई माय," कमलाबाई म्हणाल्या. "तुले फोटो पाठवला थे मोटार शेजारच्याची होती."

"अन् ऑपरेशन?"

"गुडघ्याले पट्टी बांधून फोटो काढला."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. पलीकडे अर्चना रडत होती. "मी इथं पोरीला घेऊन एका खोलीत राहून राहिली बाबा. घर घ्याच्या डिपॉझिटले पैसे पुरत नाईत. आधी तुमाले पाठवा, मंग आपलं पाहू, असं नऊ वर्सं म्हनत आली. अन् तुमी ते बँकेत नेऊन ठेवले?"

"तुयेच ठेवले ना," गुलाबराव म्हणाले. "तुयासाठीच ठेवले."

"मले सांगाचं त होतं!"

आता माझाही पारा चढला. "काकाजी, खायचे नव्हते तर घेतले कशाला?"

"नको म्हनलं असतं त रागावली असती." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मॅडम, लेकीच्या घरचं पानीबी पेत नसतात. माया बापानं माया बहिनीच्या घरी घोटभर पानी नाई पेलं. मी पैसा कसा खाऊ?"

हे कारण होतं तर. वावर तिच्या नावावर घेतलं की तिचे पैसे तिला पोचले. स्वतःच्या नावावर घेतलं की त्यांनी लेकीचं खाल्लं. त्यांच्या कायद्यानं जे बसत होतं ते सरकारच्या कायद्यात बसत नव्हतं, आणि सरकारचं त्यांच्यात. मी दोन्हींच्या मधे पेन धरून बसले होते.

वाट काढली कमलाबाईंनी. दोन भेटींत त्या सगळं मिळून चार वाक्यं बोलल्या असतील. त्या म्हणाल्या, "पानी पेत नाईत ते लेकीले लेकरू होये परेंत. तिले पोरगी झाली. दोन वर्सं झाले. आता काहून नाई चालत?"

गुलाबराव बोटांवर काहीतरी मोजू लागले. अर्चनानं नाक पुसलं आणि ती स्क्रीनच्या जवळ आली.

"नात झाल्यावरचे चालतीन," शेवटी ते म्हणाले. "त्याच्या अगोदरचे नाई."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. आमच्या कायद्यात माणूस भारतात किती दिवस राहिला ते मोजतात आणि त्यावरून तो इथला की तिथला ते ठरवतात. या माणसाकडेही त्याची त्याची तारीख होती. मी अर्चनाला तिच्या मुलीची जन्मतारीख विचारली आणि एफडीच्या यादीवर आडवी रेघ मारली. रेघेखालचे बापाचे, रेघेवरचे लेकीचे. असं हिशेबाचं वर्किंग मी आयुष्यात केलं नव्हतं. पण दोन दिवसांनंतर मला पहिल्यांदा काहीतरी समजत होतं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

रेघेखालचे पैसे आणि गुलाबरावांची स्वतःची पुंजी मिळून एकच एकर येत होतं. विहिरीचं एकर. प्लॉटिंगवाल्याला रस्त्याकडचं हवं होतं, म्हणून वावराचा मालक तुकडा करून द्यायला तयार झाला. अर्चनानं बापाला गिफ्ट दिल्याचं पत्र मी केलं. खरेदी गुलाबरावांच्या नावानं झाली. दुसरं एकर गेलं. तिथं आता चुन्याच्या रेघा आखल्या आहेत, आणि गुलाबराव तिकडं पाठ करून पाणी देतात.

रेघेवरच्या पैशांचं काम किचकट होतं. खातं एनआरओ केलं. मागच्या व्याजावरचा टॅक्स भरला. तोच टॅक्स आयर्लंडमध्ये पुन्हा भरावा लागू नये म्हणून दोन देशांत करार आहे, त्याचे कागद तिला दिले. मग माझं सर्टिफिकेट लावून पैसे परत तिच्याकडे पाठवले. बँकेनं एकच कागद तीनदा मागितला. तिसऱ्यांदा मी मॅनेजरला म्हटलं, "साहेब, फ्रेम करून देऊ का?" अर्चनाच्या डिपॉझिटची निम्मी सोय झाली. बाकीची अजून व्हायची आहे.

चार महिन्यांनी गुलाबराव मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले. चालताना अजून लंगडत होते.

"ऑपरेशन?"

"पाहू."

"मोटार बसवली?"

"बसवली. फोटो दाखवू काय?" म्हणाले आणि हसले. मग हसू आवरलं. "पहिल्या दिवशी पाइपातून पानी आलं ना मॅडम, त ओंजळ धरली. पेलो. लेकीच्या घरचं."

त्यांनी जुड्या टेबलावर ठेवल्या, फीचं विचारलं आणि निघाले. फी मी घेतली. धंदा आहे.

परदेशी राहणारा क्लायंट आला की एनआरई, एनआरओ खाती, म्युच्युअल फंड हे सगळं मी आता नंतर काढते. आधी विचारते, घरी पाठवता ते पैसे घरचे खातात का? बहुतेक जण लगेच हो म्हणतात. फोटोही दाखवतात. मी त्यांना म्हणते, फोटो राहू द्या, बिल मागवा.