धायटीसाठी गवत

पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. रेवसहून मुंबईला निघालेल्या लाँचमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर वाळक्या गवताची पेंढी, आणि तान्ह्या पोराला थोपटावं तसं तिचं त्या पेंढीला थोपटणं चाललं होतं.

"आजी, मुंबईत म्हैस पाळलीय का कुणी?" मी विचारलं.

"न्हाय रं बाबा. लेकीच्या चाळीत डब्यात धायटी लावलीय, आमच्या डोंगरावरची. पन फुलतच न्हाय. हितं वनव्यात काळी पडते, तरी ऐन शिमग्याला लालबुंद फुलते. तितं वनवा कोन लावनार? म्हनून हे तिच्या बुडाशी जाळीन."

"चाळीत जाळ? लोक ओरडतील की!"

"वरडू देत. मूठभर तर हाय." वाऱ्याने निसटलेली काडी तिने पेंढीत परत खोचली. "पोर शिमग्याला गावाला येत न्हाय. कामात सन कवा आला त्ये कळत न्हाय, म्हनते. दारात फूल दिसलं म्हंजे कळंल."

धक्क्यावर उतरताना मी खिशातली काडेपेटी तिच्या हातावर ठेवली. तिने ती कनवटीला लावली.

धायटी फुलली का, ठाऊक नाही. पोर मात्र शिमग्याला आली असेल, असं मी धरून चाललोय.