कडेची केळ

फोन आला तेव्हा मी माझ्या लेकीला, परीला, गोधडीत गुंडाळत होते, भर एप्रिलात, ताप होता तिला म्हणून... आणि हे म्हणाले, अक्का गेली. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, मेहरूणला एकटी राहायची, कॉलेजात शिकवायची, सकाळी उठलीच नाही. मला आधी काय सुचलं, तर आता गोधडी काढायची की ठेवायची, विचारू कोणाला?

मी नववी नापास. अक्काचा अभ्यास आभाळातल्या हायड्रोजनवर. ती सांगायची अन् मी भाकरी थापता थापता हं हं करायची. म्हणे, केवढाले ढग असतात वायूचे, पण गार झाल्याशिवाय त्यात तारा पेटत नाही. मी म्हटलं, "गार झाल्यावर पेटतो? अशी चूल पेटली असती तर सासूबाईंची बोलणी कशाला खाल्ली असती?" लई हसली. मग सांगितलं, हायड्रोजनचे कण जोडीजोडीनं असतात, धक्का लागला की गरगरतात, अन् ढगातला ताव, म्हणजे उष्णता, न दिसणारा उजेड होऊन बाहेर निघून जातो. मग ढग आवळतो, मध्ये दाटतो, तिथं तारा. आणि बाहेरून दुसऱ्या ताऱ्यांचा जळता उजेड आला तर कडेच्या जोड्या तो अंगावर घेतात, काही तुटतात, आतल्या वाचतात. मला कळेना, तर केळीच्या बागेत घेऊन गेली. कडेच्या केळींची पानं करपून चिंध्या झालेली, आत शिरलो तर गारवा. "तसंच," म्हणाली.

परी झाली तेव्हा मुलगी झाली म्हणून घरात जे सुरू झालं, ते अक्कानं खोलीच्या दारात उभं राहून ऐकलं. "जे बोलायचं ते मला बोला."

मागं परीला तापात झटका आला, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शिंदखेड्याहून माझी आई सांगते, "बठ्ठं आंग झाकी ठेव, वारा लागी जाई." अक्का म्हणायची, अंगावरचं काढ, ताव जाऊ दे. अन् तीच म्हणायची, झळ आत येऊ देऊ नको. मग झाकायचं की उघडायचं? तेच कण ताव सोडतात अन् तेच अडवतात, हे कसं... मला अजून उमगत नाही.

तिच्या घरून मी फक्त तिचा स्कूटरवर तोंडाला बांधायचा स्कार्फ आणला. बाहेरून विटलेला, आतून अजून गुलाबी.

परवा दुपारी परीला परत ताप. डॉक्टरांचं औषध पाजलं, गोधडी काढली, स्कार्फ ओला करून खिडकीला बांधला अन् खिडकीकडे पाठ करून तिच्यापुढे बसले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "पोर उघडी टाकली?" शेजारची पण आली, ती पण बोलली. मी म्हटलं, "मला बोला."

बऱ्याच वेळानं परीच्या कपाळाला घाम आला. पाठ भाजत होती माझी. स्कार्फ कडक वाळला होता, उठून परत ओला केला.