डुगडुगणाऱ्या खुर्चीवरचा शुक्रवार

आमच्या इमारतीत बोलवा आहे की आत्याचं डोकं फिरलंय. समोरच्या काकूंनी म्हणे खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: घरात एकटी बाई, थोड्या थोड्या वेळानं खुर्ची बदलते, आणि खुर्ची बदलली की आवाजही बदलतो. एका खुर्चीत लोणी, दुसरीत दगड.

पाहिलं ते सगळं खरं, डोक्याचं तेवढं खोटं. आत्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. गिऱ्हाइकांना वेबसाइट हवी असते, ती प्रोग्रामर बनवतात, आणि दोघांच्या मधे आत्या. एकाच वेळी तीन गिऱ्हाइकं सांभाळताना एकाचं बोलणं दुसऱ्याच्या पदरात पडू नये म्हणून तिनं जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्याच वाटून दिल्यात. ताठ पाठीची खुर्ची दातांच्या डॉक्टरीणबाईंची, त्यांना गुळमुळीत बोललेलं खपत नाही. उशीवाली ग्रंथपालांची, कारण ते एकदा सुरू झाले की आवरत नाहीत. आणि एक पाय आखूड असलेली, डुगडुगणारी, ती चपलांच्या दुकानदारांची. त्यांच्याशी बोलताना आपण कधीही उताणे पडू शकतो याची आठवण खालूनच मिळत राहिली पाहिजे, असं आत्याचं म्हणणं.

चप्पलवाले फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. 'झालं का?' म्हणतात.

एका रविवारी माझ्या बाबांना बहिणीची दया आली. बिचारी दिवसभर डुगडुगत बसते! त्यांनी आखूड पायाखाली रबराचा गट्टू ठोकला, खुर्ची हलवून पाहिली, स्वतःवर खूश झाले आणि कुणाला काही बोलले नाहीत.

सोमवारी फोन वाजला. 'झालं का?' आत्या बसली. खुर्ची जागची हलली नाही, त्यामुळे आत्याच्या मनातला पहारेकरीही उठला नाही. ती ऐसपैस मागे टेकली आणि तुमचं ऑनलाइन दुकान शुक्रवारी सुरू करून देते, असं सांगून मोकळी झाली. फोन ठेवल्यावर नजर ताठ खुर्चीकडे गेली आणि तिला आठवलं. शुक्रवार तर डॉक्टरीणबाईंना दिलेला. आणि दोन्ही कामांचा प्रोग्रामर एकच, बोका. येतो-जातो तेव्हा पावलांचा आवाज होत नाही, म्हणून बोका.

तिनं त्याला फोन लावला. तो फक्त एवढंच म्हणाला, "करतो ना ताई. दोन्ही करतो."

तेच तिला लागलं. मागे असंच 'करतो' म्हणून काम संपवून तो स्वतःच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला पोचला, तेव्हा फुगे उतरवणं चाललं होतं. आणि त्याच्याही आधी, आत्या कामावर अगदी नवी असताना, तिच्या चुकीच्या निरोपामुळे एक वेबसाइट बंद पडली होती. कंपनीचे मालक तापले, आणि बोका आपणहून म्हणाला होता, माझ्याकडून झालं. आत्या हे घरात अजून सांगते, आणि सांगताना दर वेळी डोळे पुसते.

मालकांचा सल्ला सोपा होता: शुक्रवारी सकाळी सांगा, सर्व्हर बसलाय. सर्व्हर बिचारा सगळ्यांत गुणी, कितीही खापर फोडा, उलटून बोलत नाही. मात्र चप्पलवाले गेले तर आधी बोक्याची नोकरी जाईल, हेही त्यांनी ऐकवून ठेवलं.

आत्या म्हणाली, खरं तेच सांगते, आणि आत्ताच. मी म्हटलं, मग गेलेच समज. चप्पलवाल्यांचा आवाज घरात माझ्याइतका कुणाला जमत नाही, तेव्हा ते काय बोलणार हे मला नको का ठाऊक? मी बोलूनही दाखवलं: "झालं का? नाही? मग आपलं झालं!" आत्यानं पैज लावली. मी जिंकले तर माझ्या वाटची भांडी ती घासणार. ती जिंकली तर मी पंधरा दिवस कुणाचीही नक्कल करायची नाही.

तिनं चप्पलवाल्यांना फोन करून स्पीकर लावला. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "शुक्रवार मी आधीच दुसऱ्यांना दिलाय. माणूस एकच आहे, त्याला मी दोन्हीकडून ओढणार नाही. तुमचं काम मंगळवारी होईल."

मग मला कधीच न जमलेल्या, अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "मॅडम, मला सगळे ज्या दिवशी काम हवं त्याच दिवशी सांगतात, नाही झालं म्हणून. म्हणून तर मी सारखा विचारत बसतो. तुम्ही निदान आधी सांगितलंत. मंगळवार चालेल."

आत्यानं लगेच बोक्याला कळवलं, शुक्रवारी एकच काम.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंचं काम आटोपून बोका उजेड असतानाच घरी गेला. खुर्चीखालचा गट्टू सापडल्यापासून आत्यानं बाबांना ओरडायचं ठरवलं होतं, पण तिनं गट्टूवर पाय ठेवला आणि म्हणाली, "राहू दे दादा. बरं वाटतंय पाठीला."

मंगळवारी दुकान सुरू झालं. माझी शिक्षा अजून संपली नव्हती. फोन वाजला, आणि आत्यानं तो मुद्दाम माझ्या हातात दिला.

"झालं का?"

"झालं," मी माझ्या आवाजात म्हटलं.